गप्प केलेलं इंजिन

परवा माझ्या भाच्यानं जुनी गाडी घेतली. पेढे घेऊन घरी आला आणि सहज विचारलं, "मामा, तुम्ही इतकी वर्षं हायवेवर दुकान टाकून बसला होता. हिच्यात कुठलं ऑईल टाकू?" मला ऑईलमधलं तसं काही कळत नाही. माझं दुकान झेरॉक्सचं. पण मी तोंड उघडलं आणि आतून भलताच आवाज निघाल्यासारखं झालं. "सकाळी पहिल्यांदा सुरू करतोस तेव्हा धूर कसा येतो? निया का काया?"

भाचा हसला. "निया म्हणजे काय हो?"

निया म्हणजे निळा. असोद्याकडची माणसं 'ळ'चा 'य' करतात. जळगावचं जयगाव, केळीची केयी. हा प्रश्न माझा नव्हता, सिंधूअक्काचा होता. धुळ्यात महामार्गाच्या कडेला माझ्या दुकानाला लागून तिचं ऑईलचं दुकान होतं. मध्ये नुसती पत्र्याची भिंत. तिच्याकडचं बोलणं मला ऐकू यायचं आणि माझ्या मशीनची घरघर तिला. अशी आम्ही वीसेक वर्षं काढली.

सिंधूअक्का उंच, हाडापेराची, आवाजानं खणखणीत. माहेर असोद्याचं. लग्न होऊन धुळ्याला आली, पण बोली तिनं बदलली नाही. आजूबाजूचे मिस्त्री अहिराणी बोलायचे. "अक्का, हाई गाडी भलती वरडी ऱ्हायनी," म्हणजे फार ओरडतेय, असं कुणी म्हणालं की ती आपल्या बोलीत उत्तर द्यायची, "मंग तिले काय प्याले देतो ते पाह्य ना." दोघांनाही एकमेकांचं नीट कळायचं. नवरा वारला तेव्हा भावांनी सांगितलं होतं, दुकान विकून असोद्याला ये. ती म्हणाली, केळीच्या बागेत मला करमत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात गल्ल्यावर येऊन बसली.

तिच्याकडून ऑईल घेणं सोपं नव्हतं. गिऱ्हाईकानं डबा मागायचा आणि तिनं काढून द्यायचा, असं कधी झालं नाही. गाडी किती चालली, इंजिन कधी उघडलं होतं का, दोन महिन्यांत ऑईल किती उतरतं, गाडी उभी असते तिथे जमिनीवर डाग पडतो का, हे सगळं ती विचारणार. उत्तरं आली नाहीत तर म्हणणार, "घरी जाय. पाहून ये." घाईतली माणसं चिडायची. मग पुढच्या वेळी उत्तरं पाठ करून यायची.

कुणी फोन केला तर त्याला फोन इंजिनजवळ धरायला सांगायची. स्वतः एक डोळा मिटून ऐकायची. तो मिटलेला डोळा पाहून मला हसू यायचं. पण बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं.

नवी पातळ ऑईलं बाजारात आली तेव्हा कंपन्यांचे विक्रेते तिच्याकडे खेटे घालू लागले. हे सगळ्या गाड्यांना चालतं, असं ते सांगायचे. ती ऐकून घ्यायची, त्यांना चहा पाजायची आणि म्हणायची, "नव्या गाडीले देते मी. पन म्हाताऱ्या इंजिनात फटी पडलेल्या असतात. हे पान्यासारखं त्याच्यातून निसटून जाईन." उलट काही लोकांना वाटायचं की जुन्या गाडीला जेवढं जाड ऑईल तेवढं चांगलं. त्यांनाही ती ऐकवायची, की डिसेंबरात सकाळी तूप कसं थिजतं ते घरी बघ, मग जाड माग. डब्यावरचे आकडे ती असे समजावून सांगायची: पहिला आकडा थंडीतल्या सकाळचा, दुसरा मे महिन्यातल्या दुपारचा. आपल्याकडे दोन्ही कडक. मग आपल्या इंजिनाचं वय बघून मधलं काय ते घ्यायचं. एवढं सोपं करून मला नंतर कुणीच सांगितलं नाही.

इंजिनातली ऑईल मोजायची पट्टी बाहेर काढून तिच्या टोकावरचं ऑईल ती अंगठा आणि तर्जनीत धरून चोळायची. बोटं हळूहळू लांब करून बघायची, तार धरते का. त्यामुळे त्या दोन बोटांची नखं कायमची काळी झाली होती. लग्नकार्यात बायका मेंदीचे हात दाखवायच्या तेव्हा ही आपली काळी नखं पुढे करून म्हणायची, "ही माही मेंदी. जात नही." तिला स्वतःचा अभिमान होता आणि तो ती झाकत नव्हती.

तिचा एकुलता एक मुलगा योगेश. देखणा, गोडबोल्या, कुणाच्याही पटकन पाया पडणारा. कॉलेज अर्धवट सोडून तो जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडला. हायवेच्या कडेला पाच-सहा गाड्या धुऊन-पुसून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाईक गाठायचं, हा त्याचा धंदा. एकदा तो एक गाडी दुकानामागे घेऊन आला. इंजिन खडखडत होतं, मागून निळा धूर. मी भिंतीपलीकडे होतो.

"आई, हिला जरा गप्प कर ना."

"हिचं इंजिन खोल. हिले दुसरं काही औषध नही."

"खोलायला वेळ कुठे आहे? उद्या पार्टी येतेय. तुला जमतं, मला माहीत आहे."

 मग डबा उघडल्याचा आवाज आला. झिजलेल्या इंजिनात खूप जाड ऑईल टाकलं, वर आणखी जाड करणारी एक बाटली ओतली, की फटी भरून निघतात. खडखड थांबते, धूर दिसेनासा होतो. महिना-दोन महिने गाडी शहाण्यासारखी चालते. मात्र रोज सकाळी ते थिजलेलं जाड ऑईल वेळेवर आतपर्यंत पोहोचत नाही आणि इंजिन कोरडं घासत राहतं. आजार बरा होत नाही, नुसता झाकला जातो. हे सगळ्यांना थोडंफार माहीत होतं. पण कुठल्या इंजिनाला किती, हे अक्काइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा मीसुद्धा पलीकडून उठून बघायला गेलो. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. योगेशनं आईला उचलून घेतलं. ती हसली. मीही हसलो.

मग ते नेहमीचं झालं. कधीतरी मी म्हणालो, "अक्का, घेणाऱ्याचं काय?"

"मी ऑईल इकते, बापू. गाडी मी नही इकत." आणि ती लगेच दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलू लागली. मी पुन्हा विचारलं नाही.

महाले सर धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. योगेश त्यांचा विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर ते चाळीसगावला, स्वतःच्या घरी राहायला गेले. काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा त्यांना धुळ्याला आणावं लागायचं. एसटीतून येणं-जाणं काकूंना झेपेना. सरांनी गाडी घ्यायचं ठरवलं. आणि गाडीचं म्हटल्यावर त्यांना आपला विद्यार्थी आठवला.

एका सकाळी सर अक्काच्या दुकानासमोर उतरले. फिकट निळ्या रंगाची जुनी गाडी, पुढे हार घातलेला. शेजारी योगेश, हातात किल्ली. मागच्या सीटवर काकू उशीला टेकून बसल्या होत्या. सर सडपातळ, खांद्याला शबनम, बोलताना हातानं हवेत काहीतरी काढल्यासारखं करायचे.

"अक्का, तुमच्या मुलानं गाडी दिली मला. गुरुदक्षिणा म्हणून भाव कमी केला म्हणतो." ते मनापासून हसत होते. "मला यातलं काही कळत नाही. तुम्ही बघा. हिला कुठलं ऑईल लागेल ते सांगा, मी तेच टाकत जाईन."

अक्कानं बोनेट उघडलं. पट्टी काढली. दोन बोटांत ऑईल धरलं आणि बोटं लांब केली. तार तुटेना. मी माझ्या दुकानाच्या दारात उभा होतो. मला तिचा चेहरा दिसला, आणि मला कळलं की तिनं आपलंच ऑईल ओळखलं आहे. चार दिवसांपूर्वी तिनंच ते या गाडीत ओतलं होतं. घेणारं कोण, ते तिला तेव्हा माहीत नव्हतं.

"चांगली आहे ना गाडी?" सरांनी विचारलं.

योगेश आईकडे बघत होता. काकू मागच्या काचेतून बघत होत्या. सरांनी माझ्याकडेही पाहिलं, सहज, जसं आपण शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतो. माझ्या हातात कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती होत्या. मी त्या सारख्या करू लागलो.

"चांगली हाये," अक्का म्हणाली.

तिनं जुन्या इंजिनासाठी योग्य तो डबा काढून दिला. दोन महिन्यांनी आतलं सगळं ऑईल काढून हे टाका, एवढं सांगितलं. पैसे घेतले नाहीत. सरांना त्याचं फार कौतुक वाटलं.

मला वाटतं, तो डबा देताना तिच्या मनात काहीतरी पळवाट होती. बरोबर ऑईल दिलं म्हणजे आपण आपलं काम केलं, असं काहीतरी. पण झालं उलटंच. सरांनी सांगितल्याप्रमाणे दोन महिन्यांनी चाळीसगावच्या एका गॅरेजात ऑईल बदलून घेतलं. जाड ऑईल निघून गेलं, योग्य ऑईल आत आलं, आणि इंजिन होतं तसं उघडं पडलं. टकटक सुरू झाली. सरांनी योगेशला फोन केला. "जुनं इंजिन आहे सर, थोडं बोलणारच," असं तो म्हणाला. सर तशीच गाडी चालवत राहिले. मे महिन्यात, चाळीसगावहून धुळ्याला येताना, भर दुपारी अर्ध्या रस्त्यात इंजिन जाम झालं. आसपास गाव नाही, झाड नाही. काकूंना त्या गाडीत किती वेळ पडून राहावं लागलं, ते मला नीट माहीत नाही. शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं त्यांना कॅनच्या मध्ये झोपवून धुळ्याला आणलं. त्या दिवशी त्यांची तब्येत फार बिघडली. आठ-दहा दिवस दवाखान्यात होत्या. वाचल्या.

काकूंना घरी सोडल्यावर सर दुकानात आले. मला वाटलं, आता भांडण होणार. मी मशीन बंद केलं.

सरांनी शबनममधून तो रिकामा डबा काढला, अक्कासमोर ठेवला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "अक्का, माझ्या हातून काही चूक झाली का? तुम्ही दिलेलंच ऑईल टाकलं होतं. गॅरेजवाल्यासमोर मी स्वतः उभा होतो. कमी पडलं असेल का? की मी गाडी जोरात चालवली? ऑईल बदलेपर्यंत गाडी इतकी छान चालत होती. माझ्यामुळेच आमच्या हिचे हाल झाले. मला नीट सांगा, म्हणजे पुन्हा असं होणार नाही."

अक्का डब्याकडे बघत होती.   शेवटी म्हणाली, "तुमचं काही चुकलं नही, सर." सर निघून गेले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. तो घ्यायला मला जड गेलं.

संध्याकाळी तिनं जाड करणाऱ्या सगळ्या बाटल्या मागच्या नालीशेजारी नेऊन फोडल्या. योगेश आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं की यापुढे तुझ्या गाड्यांना मी हात लावणार नाही. तो म्हणाला, "आई, सगळेच करतात. तू नाही दिलंस तर बाजारात मिळतं." आणि तो बाजारातून आणू लागला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ती माझ्या दुकानात आली. "बापू, माह्यासंग चायीसगावले चाल. एकटीनं जाववत नही." आम्ही एसटीनं गेलो. रस्ताभर ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाडी बंद पडली होती ती जागा कुठली असेल, ते ती शोधत असावी. 

सरांचं घर लहान, स्वच्छ. भिंतीवर त्यांनीच काढलेली निसर्गचित्रं. काकू कॉटवर पडून होत्या. अक्का उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. जाड ऑईल कुणी टाकलं, कशासाठी टाकलं, पट्टी काढली तेव्हा तिला काय कळलं आणि तरी ती काय बोलली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, म्हणजे गल्लीत ऐकू जाईल इतका.

सर उठले आणि त्यांनी आधी दार लावलं.

"हळू बोला अक्का. हळू बोला." त्यांचा चेहरा पडला होता. ते चिडतील म्हणून मी वाट बघत होतो. पण त्यांना राग आलेला नव्हता, लाज वाटत होती. "मी सगळ्या गल्लीला सांगितलंय, माझ्या विद्यार्थ्यानं गाडी दिली म्हणून. शाळेतल्या लोकांना सांगितलंय. आता हे कळलं तर लोक काय म्हणतील? सरांना त्यांच्याच पोरानं… नको. कुणाला सांगू नका. मला वचन द्या."

"सर, मले सांगायचं हाये. चारचौघांत सांगायचं हाये."

"नको. आणि योगेशलाही कळू देऊ नका, की मला कळलं. तो अजून येतो, पाया पडतो. तेवढं तरी राहू द्या."

अक्कानं मान खाली घातली. तेव्हा कॉटवरून काकू बोलल्या. त्यांचा आवाज बारीक होता, पण शब्द स्पष्ट. "तुमचं दोघांचं ठरलं. रस्त्यात मी पडले होते. तोंडात थुंकी उरली नव्हती माझ्या. सांगायचं की नाही, हे मला कुणी विचारलं का?"

 सर भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. अक्का काकूंच्या पायांशी गेली, वाकली, पण पायांना हात लावायची तिची हिंमत झाली नाही. तशीच मागे सरली. चहा कुणी विचारला नाही, आणि ते बरंच झालं.

पुढे तिनं ती गाडी टोचन करून, दुसऱ्या गाडीमागे बांधून, धुळ्याला आणली आणि एका जुन्या मिस्त्रीकडून इंजिन नव्यानं बांधून घेतलं. रोज दुपारी ती गॅरेजात जाऊन बसायची. हे लपण्यासारखं नव्हतं. सरांची गाडी अक्का का करून देते, असं लोक विचारू लागले. सरांना काहीतरी सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "अक्का माणुसकीनं करतेय. देवमाणूस आहे."

झालं. ही गोष्ट हायवेवरच्या सगळ्या दुकानांत पसरली. त्यातच अक्कानं आणखी एक सुरू केलं होतं. जुनी गाडी घेणाऱ्या कुणालाही ती सांगायची, की पैसे देण्याआधी गाडी सकाळी माझ्याकडे आणा, पण गार आणा. वाटेत सुरू करू नका, ढकलत आणा. ती बोनेटवर हात ठेवून गार असल्याची खात्री करायची, पट्टीवरचं ऑईल बोटांत धरायची आणि मगच गाडी सुरू करायला सांगायची. आत जाड ऑईल असलं तर घेणाऱ्याच्या तोंडावर सांगायची. दलाल चिडले. योगेश महिनाभर तिच्याशी बोलला नाही. पण लोक म्हणू लागले, अक्कासारखा सचोटीचा माणूस धुळ्यात नाही.

असं कुणी म्हणालं की ती पटकन मागे वळून काहीतरी आवरायला लागायची. लग्नकार्यात आता तिची बोटं पदराखाली असायची.

महिला दिनाला आमच्या भागातल्या व्यापाऱ्यांनी तिचा सत्कार ठरवला. प्रामाणिक व्यापारी म्हणून. तिनं नको नको म्हटलं. त्यांना तो तिचा विनय वाटला. आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की शाल महाले सरांच्याच हस्ते द्यावी, त्यांनीच तर अनुभवलं आहे. सरांना नाही म्हणता आलं नाही. काकू आल्या नाहीत.

छोटासा मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. योगेश पहिल्या रांगेत उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होता. तेव्हा त्याचा अबोला संपला होता. आईचा सत्कार म्हणून त्याला खरंच अभिमान वाटत होता. सर स्टेजवर जाण्याआधी तो त्यांच्या पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. अक्का ते बघत होती.

सरांनी शाल उघडली.  अक्कानं शाल घ्यायला खांदा पुढे केला नाही, ती माईककडे वळली.

"मले नका देऊ हे," ती म्हणाली. "मी याच्या लायक नही."

टाळ्या वाजल्या.

"ऐका ना. मी खरं सांगते. मी लायक नही."

टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "अक्का, याच्यासाठीच देतोय!" लोक कौतुकानं हसले. अक्कानं सरांकडे पाहिलं. सर शाल हातात धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. मी तिसऱ्या रांगेत होतो, मला ती दिसली. अक्काला तर हाताच्या अंतरावर दिसली असणार. ती गप्प बसली. सरांनी तिच्या खांद्यांवर शाल घातली आणि काहीतरी पुटपुटले. नंतर तिनं मला सांगितलं, ते म्हणाले होते, "घ्या अक्का. आता घ्या."

मी तिथे उठून उभा राहिलो असतो तर? हा विचार माझ्या मनात तेव्हाही आला होता. मी टाळ्या वाजवत होतो. माझ्या हातांचा आवाज मला ऐकू येत होता.

त्यानंतर तिचं दुकानातलं बोलणं कमी झालं. प्रश्न ती विचारायची, पण खालच्या मानेनं. कुणी नवं गिऱ्हाईक "तुमचं नाव ऐकून आलो" म्हणालं की त्याला म्हणायची, "नाव नका ऐकू. गाडी दाखवा." गिऱ्हाईकांना वाटायचं, बाई वयामुळे चिडखोर झाली.

काही वर्षांनी सर गेले. झोपेतच. योगेश हमसून रडला. तिरडीला खांदा त्यानं दिला, घाटापर्यंत सोडला नाही. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हे मला आजही वाटतं. अक्का बायकांच्यात बसली होती. काकूंच्या जवळ गेली नाही.

त्या वर्षीच तिनं दुकान विकलं आणि असोद्याला भावाच्या घरी राहायला गेली. जाताना माझ्याशी फार बोलली नाही. मीही पुढे मुलाकडे दुकान सोपवलं. हे सगळं लिहावं असं मनात आलं तेव्हा मी चाळीसगावला काकूंकडे गेलो. त्या अजून आहेत, आठवड्यातून दोनदा अजून धुळ्याला येतात. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लिहा. आमची नावं बदला. पण रस्त्याचं लिहा." म्हणून नावं बदलली आहेत आणि रस्त्याचं लिहिलं आहे, मला जेवढं कळलं तेवढं.

अक्काला मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. जळगावला एका नातेवाइकाकडे गेलो होतो, तिथून बसनं असोद्याला गेलो. भावाचं घर रस्त्यालगत, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. ती ऊन खात बसली होती. वाळली होती, पण ओळख लगेच पटली. पाणी दिलं, मुलाबाळांचं विचारलं. मग म्हणाली, "सर गेले. मी वचन मोडलं नही. आता सरांले लाज वाटायची नही."

"योगेशला सांगितलं?"

"सांगितलं ना. बठ्ठं, सगयंच सांगितलं. म्हने, आई, सरांले कयलं असतं तर ते मले बोलले असते. तू मनानं काही जोडू नको." ती थोडं थांबली. "त्याले पटतच नही. सरांच्या पायले हात लावायचा ना तो. मंग त्याले कसं पटीन?"

"अक्का, मला माहीत आहे ना. मी होतो तिथे."

"तुले माहीत हाये म्हनून काय उपेग? ज्याले माहीत नही, त्याले सांगायचं हाये. मी आता कोनाले सांगू?"

 बसची वेळ झाली होती. मी उठलो. तीही उठली, मला निरोप द्यायला अंगणाच्या टोकापर्यंत आली. शेजारच्या अंगणात एक बाई खाटेवर उडदाचे पापड वाळत घालत होती. अक्का तिच्याकडे वळली.

"ताराबाई, आयक. एक सांगायचं हाये तुले. आमच्या दुकानात एक गाडी आल्ती…"

ती बाई पापड पसरता पसरता ऐकू लागली. मी रस्त्याला लागलो, पण दोन पावलांवरच रेंगाळलो. जाड ऑईल, पातळ ऑईल, फटी, धूर, यातलं त्या बाईला किती कळत होतं कुणास ठाऊक. ती मधून मधून "हां अक्का, हां" म्हणत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पन गाडी त् तुमच्या पोरानं इकली ना? तुमचं काय चुकलं मंग त्याच्यात?"

मी मागे वळून पाहिलं. अक्का खाटेच्या कडेला टेकली होती. एक पापड उचलून तिनं ताराबाईच्या हातात दिला, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.